चार कंपन्यांचे दिवे

या स्मरणिकेच्या अखेरच्या भागात भोजनगृहात राबलेल्या मावशी, रखवालदार काका, वसतिगृहाचे जुने अधीक्षक आणि निवृत्त गुरुजन यांची छायाचित्रे आपणांस पाहावयास मिळतील. ती काढण्याचे काम संपादक मंडळाने आम्हा पाच माजी विद्यार्थ्यांवर सोपविले होते. छपाईपूर्वी ती पाहिलेल्या काही मंडळींनी आम्हांस विचारले, की हे कोणत्या स्टुडिओत काढले आणि दिवे कोणत्या कंपनीचे? स्टुडिओ म्हणजे सोलापुरात आमच्यातील एकाच्या घराची माडीवरची खोली. दिवे चार होते आणि चारही निरनिराळ्या कंपन्यांचे होते. हे चार दिवे एका खोलीत, एकाच क्षणी आणि एकाच रंगाने कसे पेटविले, त्याची ही हकीकत. ज्यांना छायाचित्रणाच्या तांत्रिक बाजूत रस नाही, त्यांनी मधले काही परिच्छेद ओलांडले तरी आमची हरकत नाही. मावशींविषयीचा मजकूर मात्र त्यांनी जरूर वाचावा.

दिवे निरनिराळे का, याचे उत्तर सोपे आहे. कोणाकडेही सगळे नव्हते. प्रत्येकाकडे थोडे थोडे होते. आमच्यातील एक टॉवेल कारखान्यात नोकरीस आहे. ऑनलाइन विक्रीसाठी टॉवेलांची छायाचित्रे काढावी लागतात म्हणून त्याने गोडॉक्स कंपनीचा एसके ४०० प्रकारचा स्टुडिओ फ्लॅश घेतलेला होता. दुसरा लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. त्याच्याजवळ योंगनुओचा कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश होता. तिसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याने हौसेने घेतलेल्या कॅमेऱ्यासोबत कॅननचाच ४३० ईएक्स फ्लॅश होता. चौथा वायरमन. त्याने बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या सामानातून देशी बनावटीचा एक जुना स्टुडिओ फ्लॅश मिळविला होता. त्यावरील नाव इतके पुसून गेले आहे, की आम्ही त्यास नुसते ‘म्हातारबा’ म्हणतो. पाचवी आमची भगिनी रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्याकडे दिवा नव्हता. पण छायाचित्रास बसलेल्या वृद्ध माणसाला दोन मिनिटांत मोकळे कसे करावे, हे आमच्यापैकी फक्त तिलाच येत होते. एकाच कंपनीचे चार दिवे विकत घ्यावेत, हा सल्ला पुस्तकात वाचावयास बरा. वर्गणीच्या पैशातून दिवे घ्यावेत की वसतिगृहाच्या ग्रंथालयास पुस्तके, असा प्रश्न आला तेव्हा आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही.

पहिला प्रश्न भाषेचा. कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश बसविण्याची जी खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मध्यभागी एक टिकली असते. शटर उघडताच या टिकलीतून ‘आता पेट’ एवढा संकेत जातो. ही टिकली आणि खाचेचे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे. म्हणून कॅननच्या कॅमेऱ्यावर योंगनुओचा किंवा निकॉनचा फ्लॅश बसविला तरी तो पेटतो. परंतु मधल्या टिकलीच्या आसपास ज्या बारीक टिकल्या असतात, त्या प्रत्येक कंपनीच्या आपापल्या. त्यांच्यामधून फ्लॅश आणि कॅमेरा यांचे गुप्त बोलणे चालते: किती उजेड हवा, भिंग किती पुढे आहे, आधी एक बारीक चमक टाकून प्रकाश मोजावा काय, वगैरे. या स्वयंचलित मोजणीस टीटीएल म्हणतात. काही कंपन्यांनी खाचच वेगळी केली. मिनोल्टाने १९८८ साली स्वतःचीच निराळी खाच काढली, पुढे तो कारभार घेतलेल्या सोनीने तीच चालविली आणि २०१२ साली पुन्हा सर्वांच्या मापाशी जुळेल अशी नवी खाच केली. चोवीस वर्षे एका टिकलीसाठी लोक मधले जोड विकत घेत राहिले.

आम्ही सरळ ठरविले, की गुप्त बोलणे कोणाचेच ऐकायचे नाही. कॅमेरा मॅन्युअल, चारही दिवे मॅन्युअल. किती उजेड द्यायचा हे दिव्याने ठरवायचे नाही, आम्ही ठरवायचे. मग उरतो तो एकच संकेत, ‘आता पेट’, आणि तो सर्वांना समजतो.

तो संकेत चौघांपर्यंत पोहोचविण्याचे दोन मार्ग आहेत. एक रेडिओचा. कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर बसवावा आणि दिव्याला रिसीव्हर. यातही कंपन्यांची भाषा वेगळी आहे. बहुतेकांची लहर २.४ गिगाहर्ट्झचीच असली, तरी गोडॉक्सचा ट्रान्समीटर योंगनुओच्या रिसीव्हरशी बोलत नाही. दुसरा मार्ग डोळ्याचा. बहुतेक स्टुडिओ फ्लॅशना एक प्रकाशसंवेदी डोळा असतो. दुसरा दिवा पेटलेला दिसला, की तोही पेटतो. याला स्लेव्ह म्हणतात. हा शब्द आमच्या तोंडी सहज येत नाही, म्हणून आमच्या खोलीत त्यास ‘पाहून पेटणारा’ असे नाव पडले आणि तेच रूढ झाले.

आमची मांडणी अखेरीस अशी ठरली. कॅमेऱ्यावर गोडॉक्सचा ट्रान्समीटर. त्याच्या सांगण्यावरून गोडॉक्सचा मोठा दिवा रेडिओने पेटे. म्हातारबाला डोळा होता. तो मोठ्या दिव्याकडे पाहून पेटे. योंगनुओच्या छोट्या फ्लॅशवर ‘एस वन’ आणि ‘एस टू’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यात तो कोणतीही पहिली चमक दिसताच पेटतो. दुसऱ्यात टीटीएलची प्राथमिक चमक सोडून खऱ्या चमकीला पेटतो. आमच्याकडे प्राथमिक चमक नव्हतीच, म्हणून ‘एस वन’ पुरेसे झाले. राहिला कॅननचा ४३० ईएक्स. त्याला असा साधा डोळा नाही. तो आपल्या कंपनीच्या संकेतप्रणालीलाच ओळखतो. त्याच्या पायाखाली गोडॉक्सचाच एक रिसीव्हर दिला. या रिसीव्हरच्या माथ्यावर कॅननचा फ्लॅश बसतो आणि रेडिओवरील निरोप त्यास त्याच्या भाषेत मिळतो. दोन दिवे ऐकून पेटणारे आणि दोन पाहून पेटणारे, अशी वाटणी झाली. रेडिओमध्ये क्षणाचा अगदी बारीक विलंब असतो, म्हणून शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागावर न ठेवता एकशे पंचविसाव्या भागावर ठेवले. खिडकीस जाड चादर लावली, कारण उन्हाची तिरीप थेट डोळ्यावर पडली तर पाहून पेटणारा दिवा आंधळा होतो.

येथे एक धोक्याची सूचना लिहून ठेवणे आवश्यक वाटते, कारण अनेक घरांत फिल्मच्या काळातील जुने फ्लॅश कपाटात पडून आहेत. आमच्या वायरमन मित्राने वडिलांच्या वेळचा असा एक फ्लॅश आणला होता. त्याने तो कॅमेऱ्यावर बसविण्याआधी मल्टिमीटर लावला. पायाच्या टिकलीवर १८० व्होल्ट निघाले. जुन्या फ्लॅशांत हे सर्रास आढळते. काहींत दोनशेच्याही पुढे दाब असतो. त्या काळी शटरमध्ये धातूच्या पट्ट्या एकमेकींस टेकत, त्यांना याचे काही वाटत नसे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील सर्किट मात्र एवढा दाब सोसेलच असे नाही. काही कॅमेऱ्यांची मर्यादा अवघी सहा व्होल्टची असते. असा फ्लॅश वापरावयाचाच असेल, तर बाहेरून लावता येणारा प्रकाशसंवेदी डोळा बसवावा, म्हणजे तारेने कॅमेऱ्याशी त्याचा संबंधच उरत नाही. आणि आतील कपॅसिटर, फ्लॅश बंद असला तरी, उघडून पाहण्याच्या फंदात कोणीही पडू नये. वायरमनसुद्धा पडला नाही.

दिवे एकाच क्षणी पेटू लागले, तेव्हा निम्मेसुद्धा काम झालेले नव्हते. खरा प्रश्न रंगाचा होता, आणि तो आपल्या समाजाच्या छायाचित्रात इतरांपेक्षा लवकर उघडा पडतो, असे आमचे निरीक्षण आहे. त्याचे कारण पांढरे वस्त्र. आपल्याकडे लग्नात वधूवर पांढऱ्या वेशात, बुद्धपौर्णिमेस आणि १४ ऑक्टोबरला सारे कुटुंब पांढऱ्या वेशात. छायाचित्रास यायचे म्हटले, की आजीने ठेवणीतले पांढरे पातळ काढलेच म्हणून समजावे. लाल किंवा मोरपंखी शालूवर दिव्याचा रंग थोडा इकडेतिकडे झाला, तर कोणाच्या ध्यानात येत नाही. पांढरे पातळ मात्र काही लपवीत नाही. सोळा जणांचे एक कुटुंब दोन ओळींत उभे केले, डावीकडे एका कंपनीचा दिवा, उजवीकडे दुसरीचा. छायाचित्रात डावीकडच्या सुना सायीच्या रंगाच्या पातळात आणि उजवीकडच्या नीळ अधिक झालेल्या पातळात दिसू लागल्या. मधोमध बसलेल्या आजींच्या पदराचे तर दोन रंग झाले.

पुष्कळ फ्लॅशवर ‘५६०० केल्विन’ असे छापलेले असते. त्यापुढे ‘कमी-अधिक २००’ असेही काही कंपन्या प्रामाणिकपणे छापतात. म्हणजे दोन चांगल्या दिव्यांतही चारशेचा फरक संभवतो. शिवाय उजेड कमी केला, की रंग सरकतो, आणि तो सर्वांचा एकाच दिशेने सरकत नाही. छोट्या फ्लॅशमध्ये उजेड कमी करणे म्हणजे चमक मध्येच तोडणे. चमकीचा शेवटचा भाग तांबूस असतो. तोच तुटल्यामुळे उरलेला उजेड निळसर होतो. जुन्या पद्धतीच्या स्टुडिओ फ्लॅशमध्ये कपॅसिटरला मुळातच कमी दाबाने भरतात. तेथे कमी उजेड अधिक पिवळट होतो. म्हणजे दोघांनाही एक चतुर्थांश शक्तीवर ठेवावे, तो एक निळ्याकडे निघाला आणि दुसरा पिवळ्याकडे! त्यात सॉफ्टबॉक्सचे कापड जुने असेल तर तेही पिवळे पडलेले असते. सोलापूरच्या धुळीत ते तीन वर्षांत पुरेसे पिवळे होते.

यावर आम्ही जो उपाय केला तो कोणीही घरी करू शकेल. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ५६०० वर पक्का बांधून ठेवला. करड्या रंगाचे प्रमाणित कार्ड खुर्चीवर ठेवले. मग एका वेळी एकच दिवा पेटवून त्या कार्डाचे छायाचित्र घेतले, आणि प्रत्येक दिव्याचे पूर्ण, अर्ध्या व पाव शक्तीवर असे तीन नमुने केले. संगणकावर त्या बारा करड्या चौकोनांस शेजारी शेजारी मांडले. कोण निळा आणि कोण पिवळा, हे वाद न घालता दिसले. शिक्षक मित्राने तो कागद छापून खोलीच्या दारामागे चिकटविला आहे. त्यास आम्ही चौघांची जन्मपत्रिका म्हणतो. आमचा पत्रिकेवर विश्वास नसला, तरी ही पत्रिका खरी निघाली.

फरक भरून काढण्यासाठी दिव्यावर पारदर्शक रंगीत कागद लावतात. किती गडद कागद लावावा, याचा हिशेब नुसत्या केल्विनच्या वजाबाकीने होत नाही. दहा लाखांना केल्विनने भागले म्हणजे जो आकडा येतो, त्यास मायरेड म्हणतात. वजाबाकी या आकड्यांची करावी. समजा एक दिवा ५५०० आणि दुसरा ६२०० आहे. पहिल्याचे १८२ मायरेड, दुसऱ्याचे १६१, फरक २१. नारिंगी कागदांत जो सर्वांत फिका, एक अष्टमांश म्हणून मिळतो, तो साधारण २० ते २६ मायरेडचा. म्हणजे निळ्या दिव्यावर त्याचा एक तुकडा लावला, की दोघे जवळजवळ शेजारी येतात. सातशे केल्विनचाच फरक साध्या पिवळ्या बल्बांच्या बाबतीत, म्हणजे २८०० आणि ३५०० असा असता, तर मायरेडमध्ये तो ७१ झाला असता आणि एवढासा कागद तेथे पुरला नसता. हा हिशेब दहावीच्या गणिताच्या पलीकडचा नाही. आपल्या विद्यालयात गणित शिकलेल्यास तर तो मुळीच अवघड जाऊ नये.

एवढे करूनही आजींचे पातळ काही जागी निळे चमकतच होते. आणि शेजारी बसलेल्या नातवाचा खादीचा सदरा मात्र नीट पांढरा दिसत होता. यावर आमचे दोन रविवार गेले. शेवटी टॉवेल कारखान्यातील मित्राने उलगडा केला. पांढऱ्या टॉवेलाला शुभ्रता आणण्यासाठी एक रसायन देतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेते आणि त्यांच्या जागी निळसर उजेड बाहेर टाकते. धुण्याच्या बऱ्याच पावडरींतही ते असते. फ्लॅशच्या नळीतून अतिनील किरण भरपूर निघतात. काही नळ्यांवर ते अडविणारा लेप असतो, काहींवर नसतो. लेप नसलेल्या दिव्यासमोर पावडरीने धुतलेले पातळ आले, की ते स्वतःच निळे उजळते. साध्या खादीत तसे रसायन नसते, म्हणून सदरा शांत राहिला. जुन्या बायांनी नीळ घालून आणलेला निळेपणा निराळा. तो कोणत्याही दिव्याखाली तेवढाच दिसतो, त्यात चमक नसते. आता गंमत अशी, की यावर कॅमेऱ्याच्या भिंगाला अतिनील किरणांचा फिल्टर लावून काही उपयोग होत नाही, कारण कापडातून निघणारा उजेड हा साधा दृश्य उजेड असतो. फिल्टर दिव्यावर लावावा लागतो. तसा कागद लावल्यावर दोन्ही पांढरे कपडे एका जातीचे झाले. हा वाक्प्रचार आम्ही जाणून वापरीत आहोत. लिहिताना हसू आले, म्हणून तसाच ठेवला.

खोलीच्या भिंतीही निळ्या आहेत. निळ्या रंगाविषयी आमच्या मनात काय आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु तो रंग भिंतीवरून उसळून गालावर पडला, की माणूस आजारी दिसतो. म्हणून छायाचित्राच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या भिंती पांढऱ्या सोलापुरी पलंगपोसांनी झाकून टाकल्या.

कोणता दिवा कोठे लावावा, याविषयी आमचे मत आता पक्के झाले आहे. ज्यांचा रंग तंतोतंत जुळत नाही, त्या दोन दिव्यांना एकाच चेहऱ्यावर आणू नये. एकट्या माणसाच्या छायाचित्रात चेहऱ्यावर फक्त गोडॉक्सचा मोठा दिवा, साठ बाय नव्वद सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्समधून, डोळ्यांच्या थोडा वर. दुसऱ्या गालावरची सावली उजळण्यासाठी दुसरा फ्लॅश नाहीच. थर्मोकोलचा पांढरा तक्ता. तो पहिल्याच दिव्याचा उजेड परत देतो, त्यामुळे रंगाचा तंटाच उद्भवत नाही. कॅननचा फ्लॅश मागून केसांवर आणि खांद्यावर. तेथे कड किंचित निळी झाली तरी शोभते. म्हातारबा पडद्यावर. त्याचा पिवळेपणा मागच्या तपकिरी पडद्याला उबदार करतो आणि पडद्याचा खरा रंग कोणता, हे विचारायला कोणी येत नाही. समूहाच्या छायाचित्रात मात्र समोर दोन दिवे लागतातच. तेथे गोडॉक्सच्या जोडीला योंगनुओ, कागद लावून. शक्ती ठरविताना ज्याची शक्ती कमी-जास्त करण्याची सोय सर्वांत थोडी, त्याला आधी बसवावे आणि बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यावे. म्हातारबाला तीनच खटके आहेत. म्हणून आमच्या खोलीत प्रत्येक सत्राची सुरुवात त्याच्यापासून होते. त्याचा उजेड जास्त झाला तर शक्ती न बदलता त्यालाच मागे सरकवितो. दीडपटीहून थोडे कमी, म्हणजे १.४ पट अंतर केले, की उजेड निम्मा. दुप्पट केले की पाव.

चेहऱ्याच्या रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो. छायाचित्रास आलेल्या दहांपैकी आठ माणसांचे पहिले वाक्य एकच होते: “जरा गोरं येऊ दे की रे बाळा.” हे वाक्य त्यांना कोणी शिकविले, याचा इतिहास दूरचा आहे. कोडॅक कंपनी रंगीत छपाईचा मेळ घालण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या तरुणीच्या छायाचित्राचे कार्ड पाठवीत असे. ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. तिची कातडी नीट आली, की रंग बरोबर, असे समजत. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यातील बारकावे त्या मापात बसत नसत. फिल्म सुधारली ती पुढे, आणि त्यास कारण झाल्या त्या चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. सावळ्या माणसांआधी चॉकलेटाची दाद लागली! आपल्याकडे स्टुडिओवाल्यांनी यावर सोपी तोड काढली होती: उजेड वाढवून चेहरा पांढरा करावा आणि वरून हात फिरवावा. अनेक घरांतील भिंतीवरची आजोबांची छायाचित्रे पाहावीत. मिशा आणि फेटा आजोबांचे आहेत. चेहरा कोणाचाही असू शकेल.

आम्ही उजेड वाढविला नाही. गडद कातडीवर दिव्याचे प्रतिबिंब चकाकते. तीच चकाकी गालाचे हाड, कपाळ आणि हनुवटी यांचा आकार सांगते. दिवा लहान असेल तर ती घामासारखी ठिपक्याठिपक्यांनी दिसते. दिवा मोठा आणि जवळ असेल, तर ती पसरून मऊ होते. म्हणून सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून अवघ्या तीन फुटांवर आणला. इतक्या जवळ पाव शक्तीचाही उजेड फार होतो, तेव्हा तो एक अष्टमांशावर उतरविला आणि त्या शक्तीवरचा नमुना पत्रिकेत नव्याने नोंदविला. मोजणी कॅमेऱ्याच्या अंदाजावर सोडली नाही. चेहरा गडद आणि पातळ पांढरे असले, की कॅमेरा गोंधळतो. चेहऱ्याशेजारी धरलेल्या करड्या कार्डावरून एकदा उजेड ठरविला आणि मग कोणीही येवो, तो बदलला नाही.

आता मावशींविषयी. भोजनगृहात सत्तावीस वर्षे भाकरी थापलेल्या आमच्या मावशी आपणा सर्वांच्या स्मरणात आहेत. संपादक मंडळाच्या नियमाप्रमाणे नाव छायाचित्राखाली दिलेले आहे. येथे आम्ही त्यांना मावशीच म्हणू. त्यांच्या घरी चौकशी केली, तेव्हा त्यांचे स्वतःचे असे एकही छायाचित्र नसल्याचे समजले. मतदार ओळखपत्रावर जे काय आहे, तेवढेच. वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनाची जुनी छायाचित्रे आम्ही चाळली. त्यांत मावशी तीन ठिकाणी सापडल्या: एकात पाठमोऱ्या, एकात परातीमागे अर्ध्या, आणि एकात नुसता वाढणारा हात. विद्यालयात छायाचित्रे निघत नव्हती असे नाही. ती व्यासपीठाची निघत होती.

त्या माडीवर आल्या त्या मे महिन्यात. वरती पत्रा, बाहेर त्रेचाळीस अंश. मोठा दिवा सलग चमकवीत राहिला तर तो तापून विसाव्याला जातो, म्हणून दर दहा चमकांनंतर आम्हीच त्यास पाच मिनिटे विश्रांती देत होतो. त्या विश्रांतीत परिचारिका भगिनी मावशींशी बोलत बसे. विजेचा दाबही दुपारी खाली येई. असा दाब उतरला, की ‘तयार’ची शिट्टी वाजूनही दिवा पुरता भरलेला नसतो, म्हणून शिट्टीनंतर आम्ही मनात तीन अंक मोजत होतो. घाई करता येण्यासारखी नव्हती, हे एका परीने बरेच झाले. पहिल्या दहा चमकांत मावशी डोळे ताणून बसल्या होत्या. दुसऱ्या विश्रांतीत भगिनीने विचारले, की आमच्या तुकडीत चोरून गूळ कोण खात होते? मावशी म्हणाल्या, “समदे. पन डबा मीच उघडा ठिवत हुते.” शेजारी उभ्या असलेल्या आमच्या चौघांच्या चेहऱ्याकडे पाहून त्या हसल्या, आणि शटर त्याच वेळी दाबले गेले. पदराची कड दोन्ही बाजूंना एकाच रंगाची आहे. गाल गोरा नाही, तो मावशींचाच आहे. कपाळावरच्या गोंदणाचे ठिपके मोजता येतात.

हातांचे छायाचित्र आम्ही वेगळे घेतले. त्यासाठी समोरचे दिवे बंद ठेवून मोठा दिवा अगदी आडवा, टेबलाच्या पातळीवर आणला. टॉवेलाचे सूत उठून दिसावे म्हणून कारखान्यात असाच आडवा दिवा लावतात. मावशींना ते छायाचित्र आवडले नाही. “हात कशाला रं?” असे त्यांनी दोनदा विचारले. त्यांनी नको म्हटल्यामुळे ते या स्मरणिकेत नाही.

न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत जेकब रीस हा पत्रकार फ्लॅशची भुकटी पेटवून शिरला आणि १८९० साली त्याचे पुस्तक निघाले. त्या छायाचित्रांमुळे तेथील लोकांची दैना जगाला दिसली, हे खरेच आहे. परंतु त्या चित्रांतील काही माणसे झोपेतून दचकून उठलेली आहेत. त्यांना कोणी विचारलेले दिसत नाही. अजिंठ्याच्या सहलीत आपल्यापैकी प्रत्येकाने फ्लॅश वापरण्यास मनाई करणारी सूचना वाचली असेल. तेथील भित्तिचित्रांना तीव्र उजेडाची इजा होऊ नये म्हणून ती मनाई आहे. बिनॉय बहल यांनी १९९१ साली तेथील चित्रे टिपली ती फ्लॅशवाचून, गुहेतील अंधुक उजेडावर, दीर्घ काळ शटर उघडे ठेवून. भिंतीवरच्या चित्राला आपण इतके जपतो, हे योग्यच आहे.

ऑगस्टमध्ये मावशी गेल्या. त्यांच्या मुलाचा सकाळी दूरध्वनी आला, की ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला तर फाटतो आहे, तुमच्याकडचा मिळेल काय? दुपारपर्यंत आम्ही बारा बाय अठराची प्रत करून बुधवार पेठेत पोहोचती केली. जलदानविधीच्या दिवशी ती पांढऱ्या फुलांत ठेवलेली होती. वस्तीतील चार म्हाताऱ्या त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांतील एकीने बाहेर येऊन आम्हांस खोलीचा पत्ता विचारला, आणि पुढच्या रविवारी सात जणी आल्या. आजपावेतो चौसष्ट झाल्या आहेत. त्यांत विडी वळणाऱ्या आहेत, सुताच्या गिरणीत गेलेल्या आहेत, आणि १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये ज्यांच्या सासऱ्यांनी साचे चालविले, अशाही आहेत. ‘गोरं कर’ असे म्हणणारी माणसे अजूनही असतात. मावशींची प्रत खोलीत लावलेली आहे. ती पाहून बहुतेक जणी पुन्हा म्हणत नाहीत.

हे काम विद्यालयाच्या इतर गावांतील माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या ठिकाणी करावे, अशी आमची इच्छा आहे, आणि त्यासाठी नव्या सामानाची गरज नाही. कपाटातील दिवे बाहेर काढा. इंग्लंडची बोवेन्स कंपनी २०१७ साली बंद झाली, तरी दिव्याला सॉफ्टबॉक्स अडकविण्याची तिची कडी आज गोडॉक्ससह कितीतरी कंपन्या वापरतात. आपला दिवा त्या कडीचा असेल, तर आमचा सॉफ्टबॉक्स आपल्या दिव्याला बसेल, आपला आमच्याला. आमच्या येथे महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार सकाळी सात ते दहा, म्हणजे पत्रा तापण्यापूर्वी, ठरलेला आहे. सोबत दिवा आणणार असाल तर सिंकची तार आणा, जुना असेल तर पायावरचा दाब मोजून आणा, आणि करड्या कार्डावरचा नमुना येथे आल्यावर आम्ही घेऊ. दारामागच्या कागदावर अजून चार रकाने मोकळे आहेत.